थोरलीचे नातेवाईक

११ फेब्रुवारी

थोरली गेली. काल पहाटे, कुसुमझरी अभयारण्याच्या बचाव केंद्रात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी.

आज सकाळी आमच्या मूल गावच्या बसस्टँडवर फ्लेक्स लागलासुद्धा. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली अकरा जणांचे हात जोडलेले फोटो, मध्ये वाघीण. ती थोरली नाही. थोरलीचा डावा कान अर्धा फाटलेला होता. फ्लेक्सवरच्या वाघिणीचे दोन्ही कान शाबूत, वय फार तर पाच, आणि मागचं गवत आपल्या देशातलं वाटत नाही. एखाद्या म्हातारीच्या मयतीला दुसऱ्याच बाईचा फोटो लावला तर घरचे काठ्या घेऊन येतील. वाघिणीचे घरचे कोण येणार?

गुणवंतरावांचा फोन आला. ते आमच्या 'झाडीचा पहारा' साप्ताहिकाचे मालक, संपादक आणि जाहिराती गोळा करणारेही तेच. "हेमराज, विशेष अंक काढून राह्यलो. मेन लेख तू लिव्ह. टोमणे नको मारू बाप्पा. लोकं रडले पायजे." बावीस वर्षं मी त्यांच्याकडे टोमण्यांवरच जगतो आहे. आता अचानक अश्रू मागतात. यामागे काय आहे, बघावं लागेल. बहुतेक सिमेंटवाल्यांची पानभर जाहिरात.

दुपारी दहन. वाघ जाळताना बाहेरचे पंच लागतात. नखं, दात, मिशा कोणी लांबवू नये म्हणून. पत्रकार म्हणून मी एक पंच. अठरा नखं मोजली, बरोबर भरली. सुळे दोनच. उरलेले दोन तिनं जिवंतपणीच गमावले होते. सगळे रडत होते, म्हणजे ज्यांच्यासमोर कोणी मोबाइल धरला होता ते सगळे. न रडणारा एकच, दसरू कोवे. तेरा वर्षं तिला खाऊपिऊ घालणारा, तिचा पिंजरा झाडणारा हाच माणूस. डोकं आणि मिशी सफाचट करून, धुतलेलं धोतर नेसून, चितेपासून दहा पावलं लांब उभा होता. वाघिणीसाठी मुंडन! रेंजर प्रफुल वाढई साहेब माझ्या कानाशी लागले, "भावनिक माणूस आहे." मला भावनिक माणसांची धास्ती वाटते. त्यातून न रडणाऱ्या भावनिक माणसांची जास्त.

मला ती आवडायची. हे इथंच लिहितो, अंकात लिहिणार नाही. चंचल सहा वर्षांची असताना तिला रविवारी स्कूटरवर पुढं उभी करून कुसुमझरीला न्यायचो. थोरली पाणी पिताना एक पंजा टाक्यात बुडवून ठेवायची, उन्हाळ्यात आपण पाय बादलीत ठेवतो तशी. मोठ्या लोकांच्या गाडीचा सायरन वाजला की पाठ फिरवून बसायची. माझ्या ओळखीत एवढी बाणेदार दुसरी कोणी नाही. चंचलनं एकदा विचारलं होतं, "बाबा, हिले किती वर्षांची शिक्षा आहे?" माणूस मारलेली वाघीण आहे हे तिला कुठूनतरी कळलं होतं. मी हसण्यावारी नेलं. आता चंचल पुण्याला शिकते. थोरली गेल्याचा निरोप पाठवला, तर रडक्या तोंडाचं एक चित्र आलं. बस.

१४ फेब्रुवारी

लेखासाठी माहिती हवी म्हणून पुन्हा कुसुमझरी. गेटवर लटारूची चहाची टपरी आहे. आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, हे वनखात्याच्या रजिस्टरपेक्षा लटारूला जास्त ठाऊक असतं. चहा ओतताना सहज बोलल्यासारखा बोलला,

"दसरूची माय हिनंच खाल्ली नं जी."

"कोणी?"

"थोरलीनं. तुम्हाले मालूम नाई? पेपरवाले असून?"

२०१२ च्या मार्चमध्ये येरमटोल्याची एक बाई मोहफुलं वेचायला गेली आणि वाघिणीनं नेली, हे मला माहीत होतं. त्यानंतरच थोरलीला पकडून इथं आणलं. पण ती बाई दसरूची आई? "मंग हा तिलेच तेरा वर्षं मटण घालून राह्यला होता?"

"आपल्या हातानं. दात पडल्यावर बारीक खिमा करून. मी तर म्हनतो देवमाणूस आहे."

लटारू ज्याला देवमाणूस म्हणतो त्याच्याकडे उधारी थकलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. मी मात्र परत येईपर्यंत दुसराच विचार करत होतो. ज्याच्या आईला मारलं, त्याच्याच हातचं खाऊन मारणारी तेरा वर्षं जगली, आणि मग एका पहाटे गेली. आदल्या दिवशी बरी होती असं म्हणतात. तेरा वर्षं थांबायला केवढा धीर लागतो! एवढा धीर चांगल्या माणसात नसतो. चांगली माणसं उतावीळ असतात.

लेखाचं शीर्षक बदलावं लागणार.

१७ फेब्रुवारी

दसरूला गाठलं. रिकाम्या पिंजऱ्यात झाडू मारत होता. झाडून झाल्यावर टाकं घासलं आणि ताज्या पाण्यानं काठोकाठ भरलं. मी जाळीच्या बाहेर उभा.

"दसरूभाऊ, पाणी कोणासाठी?"

"सवय आहे जी."

"लटारू म्हणत होता, तुमची माय..."

"होय." त्यानं झाडू भिंतीला टेकवला. "सोनीबाई नाव होतं."

"मंग याच पिंजऱ्यावर ड्युटी काऊन? दुसरं काम नव्हतं?"

"होतं नं. भरपाईत नोकरी देल्ली तवा साहेब म्हने, पोंभुर्ण्याच्या नर्सरीत जाय, झाडाइले पाणी घाल. मी म्हनलो, नाई जी, मले इथी पिंजऱ्यावर ठेवा."

"कायले?"

तो माझ्याकडे असा पाहत राहिला जसं मी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं. "नर्सरीत माही माय कुठी होती?"

उडवाउडवी. मी पत्रकारितेत बावीस वर्षं काढली आहेत. सरळ प्रश्नाला वाकडं उत्तर देणारा माणूस काहीतरी दडवत असतो. पुढं विचारलं, शेवटी थोरली कशी होती? तर म्हणाला, शेवटचे चार दिवस खात नव्हती, पण खिम्यातला एक घास नेहमीसारखा जाळीपाशी सरकवून ठेवायची. कोणासाठी? "माह्यासाठी." आणि मग खालच्या आवाजात, "चला, मोकळी झाली आता."

हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मी नीट पाहिलं. समाधानच होतं.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरांचा अहवाल मिळाला. मूत्रपिंडं निकामी, वार्धक्य, विषाचा अंश नाही. अहवालावर तीन सह्या आहेत. तिघांच्या सह्या एकाच निळ्या पेनानं. मी निशाला दाखवलं. निशा माझी बायको, चामोर्शीच्या शाळेत शिकवते, सहीबद्दल तिला जास्त कळतं.

"एका टेबलावर बसून सह्या केल्या असन त्याइनं, म्हनून एकच पेन. तुम्ही दुधवाल्यावर डाऊट घेता, पोस्टमनवर घेता. आता मेलेल्या वाघिणीच्या किडनीवर घ्या."

दुधाचं मी सिद्ध केलं होतं. पोस्टमनचं राहिलं.

विषाचा मुद्दा मात्र सोडावा लागणार. पण आज दहनाच्या जागी गेलो होतो आणि तिथं जे दिसलं ते कोणी खोटं पाडू शकत नाही. राख मातीनं झाकून वर चुना टाकला होता, भोवती तारेचं कुंपण. त्या थराच्या कडेला, जिथं डोकं होतं त्या अंगाला, मूठ जाईल एवढं भोक. कडा ताज्या. विचारलं, दहनानंतर पहाऱ्याला कोण होतं? दुसऱ्या दिवशी सकाळपासून दसरू.

नखं चितेत घालताना मी मोजली होती. जळल्यावर कोणी मोजली?

२३ फेब्रुवारी

अंक आला. पहिल्या पानावर माझा लेख: 'चितेत हात कोणाचा?' नाव कोणाचंही लिहिलेलं नाही, मी कच्चा नाही. एवढंच लिहिलं की, "ज्यानं डोकं भादरून शोक मिरवला, त्यानं नंतर राखेत काय चाचपलं, हे खात्यानं विचारायला हरकत नाही." कुसुमझरीत भादरलेलं डोकं एकच आहे.

सकाळपासून फोन. चंद्रपूरहून दोन, गडचिरोलीहून तीन. गुणवंतराव खूष. "लोकं रडले नाई, पन वाचून राह्यले."

निशानं अंक वाचला आणि घडी करून भाजीच्या टोपलीखाली ठेवला. निशा बोलत नाही तेव्हा काहीतरी शिजत असतं.

२५ फेब्रुवारी

वरून फोन आला आणि काल वनखात्यानं येरमटोल्यात दसरूच्या घरावर धाड टाकली. मुद्देमाल सापडला! नव्या कोऱ्या मडक्यात, हळद लावलेल्या फडक्यात बांधलेली राख. मूठभर. त्यात हाडाचे तुकडे. मडकं देवाच्या जागेवर ठेवलेलं होतं, लपवलेलंसुद्धा नव्हतं. दसरूला दिवसभर चौकशीला बसवलं, संध्याकाळी निलंबनाचा कागद हातात देऊन सोडलं. नखं आहेत का हे बघायला राख प्रयोगशाळेत गेली.

मी बरोबर ठरलो. बावीस वर्षांत एवढा ठळक बरोबर ठरलो नव्हतो.

फक्त एक खटकतं. तस्कर मालाला हळद लावतात का? वास मारायला लावत असतील.

२७ फेब्रुवारी

दुपारी दार वाजलं. दसरूची बायको, धुरपता. येरमटोल्याहून एस.टी.नं आली होती. मला वाटलं आता शिव्या, आरडाओरडा, गल्ली गोळा होणार. तसं काही झालं नाही. ती पायरीवर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं,

"भाऊ, लेख तुमीच लेहला नं?"

"होय."

"मंग आता तुमीच परत आणून द्या."

"काय?"

"माह्या सासूले."

मी निशाकडे पाहिलं. निशा आतून पाणी घेऊन आली होती, ती तिच्या शेजारी पायरीवरच बसली. धुरपता शांतपणे सांगत गेली, शाळेत पोराला गणित समजवावं तसं. त्यांच्यात वाघानं नेलेलं माणूस वाघासंगंच फिरतं, म्हणाली. वाघाच्या पाठीवर बसून. वाघ जिवंत आहे तोवर ते घरी येत नाही. बाकी मेलेल्यांचा गावाच्या कडेला दगड उभा होतो, मग ते घरच्या देवांत येतात. सोनीबाईचा दगड तेरा वर्षं उभा झालेला नाही.

"माहा नवरा म्हने, माय पिंजऱ्यात आहे, तिले भुकी ठेवू का? तो वाघिणीले नाई जी चारत होता. म्हंजे तिलेबी चारत होता. दोघी एकाच जागी होत्या, अलग कशा करन?"

"आणि राख?"

"वाघीण मेली, आता माय सुटली. पन तिले घर कोन दाखवन? वाघिणीच्या डोक्याकडची मूठभर राख आणली, घरात ठेवली. मोह पडाच्या आंदी दगड उभा कराचा होता. एकदा मोहफुलं वेचनं सुरू झालं का मंग वर्षभर दगड हालवत नाई आमी." ती माझ्याकडे सरळ पाहत होती. "तेरा साल झाले भाऊ. तिचा लेक पंधराव्या दिवशी घरी आणनार होता तिले."

निशानं तिला जेवायला घातलं. बसस्टँडवर सोडायला गेली.

गोष्ट चांगली आहे. चांगली आहे म्हणूनच शंका येते. गुन्हा दाखल व्हायच्या बेतात असताना एवढी बांधेसूद गोष्ट? एखाद्या वकिलानं बसवून दिली असेल. हल्लीचे वकील आदिवासी चालीरीतींची पुस्तकं वाचतात.

जाऊन बघायला हवं.

२ मार्च

येरमटोला. वाटेत पळस फुललेला, पण मी पळस बघायला गेलो नव्हतो. दसरूच्या दाराशी प्रथम माझंच नाव दिसलं. ओट्यावर स्टीलचा मोठा डबा, झाकणावर कोरलेलं 'हे. गुरनुले'. आमच्या लग्नातला. आत आमच्याच घरचा तांदूळ, तो मी वासावरून ओळखतो. निशा म्हणाली होती, डबा शाळेतल्या बाईंना दिला. या आठवड्यात तिला दोनदा 'प्रशिक्षण' होतं आणि दोन्ही वेळा गाडीच्या चाकांना लाल माती. आमच्या घरातून भांडी कशी बाहेर जातात, याची वेगळी चौकशी करावी लागेल.

दसरू घरी नव्हता. गावचा म्हातारा झिंगू भेटला. दगड बघायचे म्हणालो, तर काही न विचारता घेऊन गेला. मला वाटलं होतं आढेवेढे घेईल.

गावाच्या पूर्वेला, सागाच्या खाली, रांगेनं उभे दगड. कोणी कमरेएवढा, कोणी छातीएवढा. झिंगू एकेकाला हात लावत ओळख करून देत होता, लग्नात पाहुणे दाखवतात तसं. "हा दसरूचा बाप. हा त्याचा काका. काकाले खोकला होता." बापाच्या दगडाशेजारी मोकळी जागा. मोकळी नव्हे, खड्डा. हातभर रुंद, मांडीएवढा खोल. आणि बाजूला आडवा पडलेला एक लांबट दगड, अर्धा मातीत गेलेला, त्याच्यावर शेवाळ, शेवाळावर मुंग्यांची वाट.

"हा कधी खणला?"

"ज्या सालात सोनीबाई नेली त्या सालात. दसरू म्हने, खणून ठेवू, वाघ काई जन्माले पुरत नाई. दरसाल पावसाळ्यात गाळ भरते, दरसाल आमी काहाडतो." त्यानं काठीनं खड्ड्याच्या कडेचा ढिगारा दाखवला. काढलेल्या गाळाचा. खालचा थर दगडासारखा घट्ट, त्यावर गवताची मुळं, त्यावर पुन्हा माती, वर गेल्या वर्षीची भुसभुशीत. मी उकिडवा बसून थर मोजायला लागलो. झिंगू हसला. "मोजा मोजा. तेराच भरन."

अकरापर्यंत मोजले. पुढचे एकमेकांत मिसळले होते. खरं सांगायचं तर पुढचे मी मोजले नाहीत.

वकील पंधरा दिवसांत गोष्ट बसवू शकतो. तेरा पावसाळ्यांचा गाळ नाही बसवू शकत.

घरी येऊन जुने अंक काढले. मार्च २०१२, पान चार, खालचा कोपरा. चार ओळी, माझ्याच. "बेकायदा जंगलात शिरलेली सोमीबाई कोवे (५५) वाघिणीच्या हल्ल्यात ठार." शेजारी वाघिणीवर अर्धं पान, तेही माझंच. वाघिणीचं वय, वजन, फाटलेला कान, सगळं बरोबर. बाईचं नाव चुकलेलं.

७ मार्च

प्रफुल साहेबांकडे. त्यांच्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. कपड्यांना इस्त्री फार असते.

"अहवाल आला," ते म्हणाले. "नख नाही, दात नाही. राख आणि हाडाचा चुरा. बस."

दहा दिवसांत अहवाल आला? एरवी सहा महिने लागतात. पण आज मी तो मुद्दा काढला नाही. "मग परत देऊन टाका."

"कशी देऊ? वाघाच्या शरीराचा कुठलाही भाग बाळगणं गुन्हा."

"राख म्हणजे शरीराचा भाग?"

"राख आहे का नाही हे कायद्यात लिहिलेलं नाही, तीच तर गोची आहे. लिहिलं असतं 'नाही', तर परवाच दिली असती. हेमराजभाऊ, मले भोक पहिल्या दिवशीच दिसलं होतं." ते खिडकीबाहेर पाहत होते. "मी वर माती लोटून घेतली, ती आत खचली. पाऊस पडला असता, भोक बुजलं असतं. मंग तुमचा लेख आला आणि वरून फोन आला."

मी घरी येऊन बराच वेळ या वाक्याकडे संशयानं पाहिलं. त्यात काही सापडलं नाही.

शेवटी एवढंच म्हणाले, की दसरूनं अर्ज करावा, त्यावर ते काहीतरी करून बघतील. "चांगला लिहा. तुमच्यासारखा नका लिहू."

गुणवंतरावांना खुलासा छापा म्हणालो. "हेमराज, माफी वाचाले कोन घेते बे?" शेवटी सातव्या पानावर, ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली, सहा ओळी. सोनीबाईचं नाव मी प्रेसमध्ये उभा राहून तीनदा तपासलं.

१० मार्च

दसरूला घेऊन अर्ज लिहायला बसलो. त्याच्यासमोर बसायला कसंतरी वाटत होतं. तो मात्र शेजारच्या घरी बसावं तसा बसला. निशानं चहा दिला, त्यालाच आधी.

चार मसुदे फाडले. प्रत्येकात कुठंतरी टोमणा शिरत होता. पहिल्यात खात्याला, दुसऱ्यात कायद्याला, तिसऱ्यात फ्लेक्सवाल्यांना, चौथ्यात मला स्वतःला. दसरू वाट पाहत राहिला. त्याला वाट पाहता येते.

"दसरूभाऊ, तुम्हाला माझा राग नाही आला?"

"आला नं. लय आला." त्यानं बशीत चहा ओतला. "पन तुमी चूक पकडली. मी राख घेतली होती. चोरूनच घेतली. मांगतली असती तर साहेब नाई म्हनले असते, मंग घेता आली नसती."

अर्जाच्या नमुन्यात एक रकाना होता. अर्जदाराचे मयताशी नाते. मी पेन थांबवलं. कागदावर मयत एकच, वाघीण, मादी, वय एकोणीस.

"इथं काय लिहू?"

"कोनासंग नातं? मायसंग का थोरलीसंग?"

"इथं एकच जागा आहे."

निशा ओट्याला टेकून ऐकत होती. "पयल्या सालात," दसरू म्हणाला, "मी तिच्या डोळ्याइले पाहो, म्हनो, माय, दिसतो का मी? लय राग होता वाघिणीचा. बकेट फेकून मारो. दुसऱ्या सालात ते बिमार पडली, खाये ना. मंग मले भेव वाटला, हे मेली तर माय कुठी जाईन? पन तवा दगडाची तयारी होती, मेली असती तर बरंच होतं नं? माय सुटली असती." त्यानं मान हलवली. "तरी मी तीन दिवस तिच्यापाशी बसलो, हातानं पाणी पाजलं. कायले पाजलं, मलेच मालूम नाई. लेहा नं जी, पोरगा."

मी लिहिलं, मुलगा.

अर्जात यापेक्षा जास्त काही घातलं नाही.

२२ मार्च

आज झालं. सविस्तर लिहितो.

काल प्रफुल साहेबांचा फोन. "राख परत देता येणार नाही. अर्ज नामंजूर." मी बोलायला तोंड उघडलं, त्याआधीच पुढं म्हणाले, "गुन्हा शाबित होत नाही, म्हणून प्रकरण बंद. पण मुद्देमाल ठेवून काय करू? नष्ट करावा लागते. पंचांसमोर, जमिनीत पुरून. कुठं पुरायचं ते अधिकाऱ्यानं ठरवायचं असते." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "येरमटोल्यात एक तयार खड्डा आहे म्हणतात."

सकाळी निशा म्हणाली मी पण येते, आणि माझ्या आधी गाडीवर बसली. गावाच्या वाटेवर दोन-चार झाडांखाली मोहाची पहिली फुलं पडलेली, कोणी उचललेली नव्हती. सगळं गाव सागाखाली. सरकारी जीप आली. प्रफुल साहेब इस्त्रीच्या कपड्यांत उतरले, हातात लाखेचं सील लावलेलं पाकीट. सील फोडून त्यांनी हळदीचं फडकं दसरूच्या हातात ठेवलं, आणि लगेच जीपकडं तोंड करून पंचनामा सांगायला लागले. शिपाई लिहीत होता. "सदर राख मौजा येरमटोला येथील खड्ड्यात टाकण्यात आली." मागं दसरू गुडघ्यावर बसून फडकं खड्ड्यात ठेवत होता. "त्यावर माती लोटण्यात आली." धुरपता आणि गावच्या बायका मुठीनं माती घालत होत्या, गोंडीत सोनीबाईला हाका मारत होत्या. "सदर मुद्देमाल पुन्हा कोणी उकरू नये यासाठी वर एक जड दगड उभा करण्यात आला."

साहेबांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. याला कर्तव्यदक्षता म्हणतात की काय म्हणतात, मला अजून ठरवता आलेलं नाही. बढतीची यादी येणार आहे, तेही असेल.

मग झिंगूनं आवाज दिला, "घरचे या. दगड घरच्याइनं उचलाचा." दसरू पुढं झाला. त्याचा चुलतभाऊ, त्याचा मेहुणा. तिघांनी आडवा दगड मातीतून मोकळा केला. शेवाळाखालून पांढरी गांडुळं निघाली. दसरूनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, उभे काऊन? हात लावा."

चौथा माणूस कमी पडला असेल. मी चप्पल काढली, दगडाखाली हात घातला. फार जड होता. खालच्या अंगाला ओल होती आणि त्याचा वास येत होता. खड्ड्यात उतरवताना एकदा माझ्याकडे झुकला, दसरूनं खांदा लावला, आणि मग तो सरळ उभा राहिला. बायकांच्या हाका एकदम थांबल्या. धुरपतानं दगडाला हळद लावली, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला, घरात सासू असते तेव्हा करतात तसा.

त्यानंतर बायका टोपल्या घेऊन मोहाकडे निघाल्या.

परत येताना मी निशाला म्हणालो, बरं झालं मी होतो, एक माणूस कमी पडत होता त्यांना.

मूलला घरापुढं गाडी थांबवली. गाडीवरून उतरताना म्हणाली, "मानसं कमी कुठी होती जी? मांगं वीस-बावीस मानसं उभे होते. त्याचे दुसरे दोन चुलतभाऊ तर तुमच्या बाजूलेच होते."